सांडपाण्यावर चालणारा घट: परवानगीच्या अर्जापासून मौखिक परीक्षेपर्यंत

मागच्या आठवड्यात पदव्युत्तर प्रकल्पाची मौखिक परीक्षा एकदाची पार पडली. विषय होता मायक्रोबियल फ्युएल सेल, म्हणजे जिवाणूंवर चालणारा विद्युत घट. प्रयोगशाळेत सगळे एमएफसीच म्हणतात, मीही तेच लिहीन. सांडपाण्यातली घाण जिवाणूंनी खायची, खाताना सुटलेले इलेक्ट्रॉन आपण तारेतून फिरवून घ्यायचे. पाणी साफ होतं आणि थोडी वीजही हाती लागते, असा हा मामला. शोधनिबंध वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं. पण कार्बन फेल्ट (कार्बनच्या धाग्यांचं नमद्यासारखं कापड, घटाचा इलेक्ट्रोड त्याचाच) पाण्यात बुडत का नाही, सांडपाणी मागायचं पत्र कोणाच्या नावे लिहायचं, सुरुवातीला मीटर ढिम्म का बसून राहतो, हे तिथे कोणी लिहीत नाही. ज्यांना नुकताच हा विषय मिळालाय आणि पोटात गोळा आलाय, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय.

विषय जूनमध्ये ठरला. पहिल्याच बैठकीत सरांनी विचारलं, "तुला वीज करायची आहे की पाणी साफ करायचंय?" मी म्हटलं, दोन्ही. "बरं, डिसेंबरात परत विचारतो," म्हणाले आणि वाचायला गठ्ठा दिला.

कल्पना तशी जुनी आहे. १९११ साली डरहॅम विद्यापीठात एम. सी. पॉटर यांनी यीस्ट आणि जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवताना विद्युतदाब तयार होतो हे दाखवलं होतं. पुढे बराच काळ समज असा होता की, जिवाणूच्या पेशीतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला एखादं मध्यस्थ रसायन घालावंच लागतं. मग डेरेक लव्हली यांना १९८७ मध्ये पोटोमॅक नदीच्या गाळात जिओबॅक्टर सापडला. तो श्वसनासाठी प्राणवायूऐवजी लोहखनिज वापरतो, इलेक्ट्रॉन थेट पेशीबाहेर देतो. लोहखनिजाच्या जागी कार्बनचा ॲनोड, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणारा इलेक्ट्रोड, ठेवला तरी या मंडळींची काही हरकत नसते. २००४ साली पेन स्टेट विद्यापीठात ब्रूस लोगन यांच्या गटाने घरगुती सांडपाण्यावर घट चालवून सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचा हिशेब, ८० टक्क्यांपर्यंत उतरवून दाखवला. वीज मिळाली ती दर चौरस मीटर इलेक्ट्रोडमागे २६ मिलिवॉट. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे निराश व्हायची वेळ आली की कामाला येतो.

जुलै आणि ऑगस्ट कागदांत गेले. प्रयोगाला लागणारा कच्चा माल फुकट आहे, शहरभर वाहतोय, पण तो बाटलीत भरून आणायला परवानगी लागते. पत्र विभागप्रमुखांच्या सहीने, शुद्धीकरण प्रकल्पाच्या प्रभारी अभियंत्यांच्या नावे. पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहा: किती लिटर, किती दिवसांनी, कुठल्या टाकीतून, आणि उरलेल्या पाण्याचं काय करणार. माझ्या पहिल्या पत्रावर नेमका हा चौथा प्रश्न शेरा म्हणून परत आला होता. टाकीही विचार करून मागा. कच्च्या सांडपाण्यात चिंध्या, केस, वाळू काय वाट्टेल ते असतं आणि ते नळ्यांत अडकतं. प्राथमिक निवळण टाकीच्या बाहेर पडणारं पाणी सगळ्यात सोयीचं. जाड गाळ खाली बसलेला असतो आणि जिवाणूंचं खाद्य मात्र शिल्लक असतं.

दुसरा कागद जैवसुरक्षा समितीचा. अर्जात एक रकाना होता, 'वापरावयाच्या सूक्ष्मजीवाचे नाव'. आता सांडपाण्यात कोण कोण आहे हे कसं सांगणार? मी लिहिलं: 'घरगुती सांडपाण्यातील नैसर्गिक मिश्र समूह, शुद्ध संवर्ध नाही, जनुकीय बदल नाही.' एवढ्यावर भागलं. सोबत हातमोजे, चष्मा, धनुर्वाताच्या लसीचा दाखला, आणि वापरलेलं सगळं ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) टाकीन असं हमीपत्र. समितीची बैठक ठरावीक काळानेच होते, त्यामुळे बैठकीची तारीख आधी विचारा आणि अर्ज त्याच्या आत पोचवा. नाहीतर बसा पुढच्या बैठकीची वाट बघत.

खरेदीत सर्वांत महाग पडला तो नाफिऑनचा पडदा. दोन कप्प्यांच्या घटात ॲनोड आणि कॅथोड (तारेतून आलेले इलेक्ट्रॉन जिथे प्राणवायूला मिळतात तो इलेक्ट्रोड) यांच्यामध्ये हा बसतो आणि प्रोटॉनसारखे धन आयन पलीकडे जाऊ देतो. तळहाताएवढा तुकडा, पण बजेटचा मोठा घास त्यानेच घेतला, शिवाय बाहेरून यायला वेळ. तीन कोटेशनं हवीत असा नियम, आणि विकणारा एकच, म्हणून 'एकमेव पुरवठादार' असल्याचं प्रमाणपत्र त्यांच्याकडून मागवावं लागलं. ऑर्डरीसोबतच ते मागा, म्हणजे फाइल मध्येच अडत नाही. कार्बन फेल्ट त्या मानाने परवडला. टायटॅनियमची तार थोडी महाग, पण तिथे काटकसर करू नका. तांब्याची तार पाण्यात गंजते आणि तांबं जिवाणूंना विषारी, एका दगडात दोन पक्षी आपलेच मरतात. तांब्याच्या क्लिपा पाण्याबाहेर, कोरड्या जागी.

सप्टेंबरात घट जोडायला घेतले. ॲक्रिलिकच्या पेट्या, प्रत्येक कप्पा पाव लिटरचा, ॲनोडचा तुकडा पाच बाय आठ सेंटिमीटरचा. नवा फेल्ट पाणी पीतच नाही, त्याच्या धाग्यांत हवा अडकून राहते आणि तो वर तरंगतो. आधी ॲसिटोनमध्ये भिजवायचा, मग ऊर्ध्वपातित पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा. धुताना चिमट्याने हळूच दाबला की बारीक बुडबुड्यांची रांग वर येते. ती थांबली की समजायचं, आता जिवाणूंना आतपर्यंत जागा मिळेल. पडद्याचेही लाड करावे लागतात: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी, सौम्य सल्फ्युरिक आम्ल, पुन्हा पाणी, प्रत्येकात तासभर, ८० अंशांच्या आसपास. त्यानंतर तो वाळू द्यायचा नाही, पाण्यातच ठेवायचा.

सील करायला सिलिकॉन वापरणार असाल तर एक सांगते. साधं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं. ॲसिटेट म्हणजे जिओबॅक्टरचं अत्यंत आवडतं खाणं. वास पूर्ण जाईपर्यंत घट साध्या पाण्याने भरून ठेवा आणि ते पाणी बदलत राहा, नाहीतर सांडपाण्याच्या नावावर सिलिकॉनची वीज मोजाल.

एकसारखे घट निदान तीन करा, आणि त्यांच्या जोडीला एक असा की ज्यात सगळं तसंच आहे, फक्त तार जोडलेली नाही. पाणी साफ झालं ते विजेच्या वाटेने की एरवीच कुजून, हे सांगणारा साक्षीदार तोच. शिवाय ऑटोक्लेव्ह केलेल्या सांडपाण्याचा एक. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वांत आधी याच दोन घटांबद्दल विचारलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सांडपाणी आणलं. प्रकल्पावरचे ऑपरेटर काका फार चांगले. बादली सोडताना म्हणाले, "ताई, वाऱ्याच्या बाजूला उभ्या राहा." बर्फाच्या पेटीतून आणून चार अंशांवर ठेवलं, आणि वापरायच्या आधी खोलीच्या तापमानाला येऊ दिलं. सीओडीसाठीचे नमुने मात्र वेगळे काढून सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेऊन ठेवले, म्हणजे ते टिकतात. ॲनोडच्या कप्प्यात सांडपाणी आणि बीज म्हणून पाचक टाकीतला (जिथे गाळ हवेविना कुजवतात) थोडा काळा गाळ घातला, पंधरा मिनिटं नायट्रोजन सोडून प्राणवायू हाकलला, झाकण लावलं. प्राणवायू हाकलायचा कारण तो असेल तर बरेचसे जिवाणू इलेक्ट्रॉन त्यालाच देऊन मोकळे होतात. कॅथोडच्या कप्प्यात फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि मत्स्यालयात वापरतात तो हवेचा छोटा पंप. दोन्हींच्या मध्ये १००० ओहमचा रोध आणि त्याच्यावर मल्टिमीटर. हजार ओहमची सोय अशी की जितके मिलिव्होल्ट दिसतील तितकेच मायक्रोॲम्पियर, डोक्यात हिशेब होतो.

आणि मग काहीच झालं नाही. मीटर दोन-चार मिलिव्होल्टच्या आसपास रेंगाळत राहिला. दिवस जात होते, मी सकाळी येऊन आधी मीटर बघायचे, नंतर बॅग ठेवायचे. प्रयोगशाळेत मागे बसणाऱ्या मित्राने "झोपलेत का गं तुझे?" असं रोज विचारायला सुरुवात केली. या काळात पेटी उघडायचा, काहीतरी घालायचा मोह अनावर होतो. घालू नका. जिवाणूंचा थर इलेक्ट्रोडवर बसायला वेळ लागतो, कधी एक आठवडा, कधी तीन. वीज न देणारे आधी वाढतात, कारण त्यांना कोणाशी जोडून घ्यायचं नसतं. आपण फक्त खाद्य संपलं की पाणी बदलायचं आणि फेल्टला हात लावायचा नाही. दर बदलाला इलेक्ट्रोडवरचे टिकतात, पाण्यात तरंगणारे वाहून जातात. निवड अशी आपोआप होते.

दिवाळीच्या आसपास कधीतरी, नेमका दिवस वहीत आहे, एका घटाचा आकडा सकाळी दोन अंकी होता आणि संध्याकाळी तीन अंकी. एकदा चढायला लागला की तो भराभर चढतो. पुढच्या पाणीबदलांत तिन्ही घट ४०० मिलिव्होल्टच्या आसपास स्थिरावले, आणि खाद्य संपलं की आलेख उतरायचा, नवं सांडपाणी घातलं की काही तासांत पुन्हा वर. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. आकडा मोठा होता म्हणून नव्हे. भूक आणि जेवण मीटरवर दिसत होतं म्हणून. झाकणाच्या फटीतून बघितलं तर काळ्या फेल्टवर बुळबुळीत, मातकट थर धरलेला.

आता हिशेब. १००० ओहमवर ०.४ व्होल्ट म्हणजे ०.४ मिलिॲम्पियर, म्हणजे ०.१६ मिलिवॉट. ॲनोडच्या क्षेत्रफळाने भागलं की दर चौरस मीटरला ४० मिलिवॉट, कागदावर बरं दिसतं. पण पाच वॉटचा साधा मोबाइल चार्जर चालवायचा तर असे तीस हजारांहून जास्त घट लागतील. आणि कॅथोडला हवा देणारा तो चिमुकला पंप? त्याच्यावर लिहिलं होतं, तीन वॉट. मिळणाऱ्या विजेच्या जवळजवळ वीस हजार पट वीज मी घालत होते.

डिसेंबरात सरांनी खरंच परत विचारलं. मी म्हटलं, पाणी. आणि हा पंप मला काढून टाकायचाय. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, सरळ एअर कॅथोडच्या साहित्याच्या मागणीवर सही केली.

यामागचं कारण थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. नेहमीच्या ॲक्टिव्हेटेड स्लज प्रकल्पात, म्हणजे जिथे हवा देऊन जिवाणूंकरवी पाणी साफ करतात तिथे, विजेच्या बिलाचा साधारण अर्धा वाटा पाण्यात हवा फुंकण्यात जातो, आणि जिवाणू फुगून जो गाळ तयार होतो त्याची विल्हेवाट हा दुसरा मोठा खर्च. एमएफसीत घाणीचं ऑक्सिडीकरण ॲनोडवर हवेविना होतं, आणि जिवाणूंच्या वाट्याला ऊर्जा कमी येत असल्याने गाळही कमी वाढतो. तेव्हा घटाने किती वीज दिली यापेक्षा किती वीज वाचवली हे बघायला हवं. पण कॅथोडला पंप लावला की ही सगळी बचत बुडाली. एअर कॅथोडमध्ये इलेक्ट्रोडची एक बाजू पाण्याकडे, दुसरी उघड्या हवेकडे. प्राणवायू फुकट येतो.

जानेवारीत एकाच कप्प्याचे घट केले. स्टीलच्या जाळीवर सक्रिय कार्बनचा लेप, हवेच्या बाजूला पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) पाणी अडवणारा थर. उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम नको, पडदाही नको, त्यामुळे खर्च एकदम खाली आला. लोगन यांच्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं होतं की एअर कॅथोडच्या घटातून पडदा काढला तर सांडपाण्यावरची शक्ती २८ वरून १४६ मिलिवॉटपर्यंत जाते, मात्र प्राणवायू आत झिरपून इलेक्ट्रॉनची गळती वाढते. माझ्याकडे शक्ती वाढली, इतकी नाही, पण वाढली. सुरुवातीला कॅथोडच्या बाहेरच्या अंगाला घामासारखे थेंब येत होते. पीटीएफईचा आणखी एक थर दिल्यावर थांबले. काही आठवड्यांनी आतल्या बाजूला पांढरी खरड दिसते, ते बहुतेक कॅल्शियमचे क्षार. कॅथोडपाशी पीएच वाढतो म्हणून ते तिथेच बसतात. सौम्य आम्लाने पुसलं की बराच फरक पडतो.

पोलरायझेशन आलेख, म्हणजे रोध बदलत नेला की दाब आणि शक्ती कशी बदलते याचा आलेख, काढताना घाई करू नका. रात्रभर तार काढून ठेवायची, मग मोठ्या रोधाकडून लहानाकडे यायचं, आणि दर रोधावर आकडा स्थिर होईपर्यंत, वीस मिनिटं तरी, थांबायचं. घाई केली तर शक्तीचा आलेख उलटा वळून मागे येतो आणि आपण जिवाणूंना दोष देत बसतो. पूर्ण दिवस राखून ठेवा, डबा आणा. शिखर जिथे येतं तिथला बाहेरचा रोध म्हणजे साधारण घटाचा अंतर्गत रोध.

सगळ्यात कंटाळवाणं काम सीओडीचं. डायक्रोमेट आणि आम्ल घालून १५० अंशांवर दोन तास, मग फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन. निळसर हिरवा रंग एका थेंबात तांबूस तपकिरी होतो. तो थेंब चुकवायचा नाही. तीन दिवसांच्या बॅचमध्ये लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपासचं पाणी १५० पर्यंत यायचं. तार न जोडलेल्या घटातही सीओडी कमी व्हायचा, पण बराच कमी वेगाने. मग कूलंबिक कार्यक्षमता काढली, म्हणजे खाल्लेल्या घाणीतले किती इलेक्ट्रॉन खरोखर तारेतून गेले. दोन कप्प्यांच्या घटात दहा टक्क्यांच्या आसपास. बाकीचे कुठे गेले? थोडे मिथेन करणाऱ्यांनी पळवले, थोडे सल्फेटवाल्यांनी (झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा वास येतो, तो यांचाच), थोडे झिरपलेल्या प्राणवायूने, उरलेल्यांतून नवे जिवाणू वाढले. हा आकडा बघून वाईट वाटलं होतं, पण खऱ्या सांडपाण्यावर तो असाच कमी येतो. शुद्ध ॲसिटेटवरचे आकडे वाचून स्वतःशी तुलना करू नका.

फेब्रुवारीत विभागाच्या प्रदर्शनासाठी एलईडी लावून दाखव म्हणाले. लाल एलईडीलाही साधारण १.८ व्होल्ट लागतात. घट नुसते ओळीने जोडले तर गोम अशी की त्यातला एक उपाशी राहिला की त्याचा दाब उलटा होतो आणि तो इतरांची वीज खातो. त्यापेक्षा प्रत्येक घटावर एकेक कपॅसिटर समांतर भरून घ्यायचा आणि मग ते कपॅसिटर ओळीने जोडायचे. एलईडी क्षणभर चमकतो, मग पुन्हा भरायची वाट. ब्रिस्टलमध्ये आयोआनिस इरोपूलोस यांच्या गटाने मूत्रावरच्या घटांनी शौचालयातले दिवे पेटवून दाखवलेत, २०१५ मध्ये ग्लास्टनबरीच्या महोत्सवातही. तिथेही युक्ती हीच: पुष्कळ लहान घट, आणि गरज अगदी थोडी.

प्रबंध एप्रिलमध्ये दिला. मौखिक परीक्षेत "हे मोठ्या प्रमाणावर का चालत नाही?" हा प्रश्न येणारच. माझं उत्तर असं होतं: घट मोठा केला की शक्ती त्या प्रमाणात वाढत नाही, घरगुती सांडपाण्याची वाहकता कमी असल्याने रोध वाढतो, आणि कॅथोडचा खर्च व आयुष्य हा प्रश्न अजून सुटलेला नाही. परीक्षक मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे गेले.

सगळं झालं तरी ना-हरकत दाखला बाकी असतो. सीओडीच्या कचऱ्यात पारा, चांदी आणि क्रोमियम असतं. तो पहिल्या दिवसापासून वेगळ्या बाटलीत, लेबल लावून साठवा आणि वहीत मिलिलिटर लिहीत जा, कारण दाखल्यावर सही करणाऱ्या मॅडम ती वही मागतात. गाळ आणि जुने फेल्ट ऑटोक्लेव्ह केले, एक घट सोडून. तो या वर्षी विषय घेतलेल्या ज्युनियरला दिला. चालू घटातून बाहेर पडणारं पाणी हेच नव्या घटासाठी सर्वांत उत्तम बीज असतं. त्याने नव्या सांडपाण्यात निम्मं ते मिसळलं आणि त्याचे घट चौथ्या दिवशीच चढायला लागले. तुमच्या आसपास कोणाकडे चालू घट असेल तर गाळाच्या मागे न लागता आधी तिथे एक बाटली मागा.